पकड

पकड हे नाव तिला थोरलीने दिलं. थोरली म्हणजे मनोरुग्णालयातल्या बायकांच्या बंद वॉर्डाची मुख्य मदतनीस. ही नवी मुलगी कामावर आली त्याच आठवड्यात तिच्या दीडपट वजनाची एक बाई खिडकीच्या गजांवर डोकं आपटत होती. नव्या मुलीने तिचं मनगट एका हाताने धरलं, ते बाकीच्या येईपर्यंत सोडलं नाही. मनगटावर पाचही बोटं निळी उमटली.

"ही बाई नाही, पकड आहे," थोरली म्हणाली. तेव्हापासून एकोणीस वर्षं तेच नाव.

बंद वॉर्डात कामाची एक पद्धत होती. कुठे लिहिलेली नव्हती, या हातातून त्या हातात आलेली होती. एखादी बिथरली की तिघींनी जायचं आणि मागून जायचं. समोरून गेलं की ती ओरबाडते, थुंकते आणि चेहरा लक्षात ठेवते. पहिलीने डोक्यावर चादर टाकायची. दुसरीने पाय ओढायचे. तिसरीने हात घ्यायचा. मनगट, कोपर, खांदा, या क्रमाने तो पाठीवर वर चढवत न्यायचा आणि पाच आकडे मोजायचे. तेवढ्यात अंगातलं बळ जातं. नाहीच गेलं तर टॉवेल. ओला करून पिळलेला, मागून गळ्यात. सात आकड्यांत गुडघे जातात. आठवा आकडा कुणी मोजायचा नाही. तपासणीला माणसं यायची तेव्हा टॉवेल दांडीवर वाळत असायचे, आणि वाळत घातलेल्या टॉवेलात कुणाला काय दिसणार?

पकड कामाला चोख होती. तिच्या पाळीत खाट ओली राहिली नाही, गोळी थुंकलेली सापडली नाही. चादरींच्या घड्या अशा, की कडेला पट्टी लावून बघावी. हात धरायची वेळ आली तरी तिचा हात इतरांसारखा इकडेतिकडे चाचपडत नसे. जिथे जायचं तिथेच जायचा.

सहा वर्षांपूर्वी वॉर्डात एक शिवणवाली आली. शिवणयंत्रावर पोट भरणारी, अंगाने काटकी, तीन दिवस झोप नसलेली. तिने जेवणाचं ताट भिरकावलं आणि ताटाच्या काठाने एका मदतनिसाची भुवई फुटली. तिघी गेल्या. चादर पडली. पकडने डावा हात घेतला. तिसऱ्या आकड्याला कोपरात आवाज झाला, कोरडा आणि छोटा, खडू मोडावा तसा. पकडने तो ऐकला. पाच व्हायचे बाकी होते. तिने चार मोजले, पाच मोजले, मग सोडलं.

कागदावर थोरलीने लिहिलं, 'पाय घसरून पडली.' खाली तिघींच्या सह्या झाल्या.

ते शेवटचे दोन आकडे मात्र पकडच्या मागे लागले. भाजी चिरताना ती तीनवर थांबायची. नवरा विचारायचा, "काय झालं?" ती म्हणायची, "काही नाही," आणि सुरी पुन्हा चालायची.

पुढे काही महिन्यांनी मदतनिसांना दोन तासांचं शिक्षण द्यायला विद्यापीठातून एक मॅडम आल्या. बारीक चष्मा, करडा आवाज. त्यांनी विचारलं, "तुम्ही दिवसभरात पेशंटशी काय काय बोलता?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बस, झोप, गीळ." सगळ्या फिदीफिदी हसल्या. पकडही हसली. घरी जाताना तिने आठवून पाहिलं, आणखी एखादा शब्द सापडतो का. 'गप' सापडला. तेरा वर्षांच्या नोकरीत चार शब्द.

दुसऱ्या आठवड्यात ती विद्यापीठात जाऊन फॉर्म घेऊन आली. नोकरी करत बाहेरून बी.ए. केलं. मग मानसशास्त्राचं एम.ए., समुपदेशन विषय घेऊन, शनिवार-रविवारचे वर्ग. नवरा गवंडी होता. त्याने विटांचे दोन खांब रचून वर फळी टाकली आणि म्हणाला, "हे टेबल. हलणार नाही. तू हललीस तर बघू." वर्गातली पोरं बाविशीची. ती तिला मावशी म्हणायची. रुग्णालयातही बायका तिला मावशीच म्हणायच्या. फरक इतकाच, की इथे पळणाऱ्यांना धरून आणायचं काम तिच्याकडे नव्हतं.

दुसऱ्या वर्षी दोनशे तास प्रत्यक्ष काम करायचं असतं. खऱ्या माणसासमोर बसायचं, त्याचं ऐकायचं, मग घरी येऊन झालेलं बोलणं शब्दन् शब्द लिहून काढायचं. कागदावर तीन रकाने : समोरचा काय बोलला, मी काय बोलले, तेव्हा माझ्या अंगात काय झालं. मॅडम प्रत्येक कागद वाचून तासावर सही करत. सही नाही तर तास नाही. तिसऱ्या रकान्यात पोरं 'वाईट वाटलं' लिहायची. मॅडम लाल पेनाने विचारायच्या, 'कुठे? पोटात की घशात?'

पकडला कामाची जागा मिळाली ती तिच्याच रुग्णालयात, पण आवाराच्या दुसऱ्या टोकाला, बऱ्या होत आलेल्या बायकांच्या खुल्या वॉर्डात. सकाळी सहा ते दोन बंद वॉर्डातली पाळी. दोनला निळा एप्रन खुंटीला, हात साबणाने कोपरापर्यंत, आणि तीनला समुपदेशनाच्या खोलीत. दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा स्टीलचा जग.

पहिल्याच दिवशी समोर शिवणवाली येऊन बसली.

दुसऱ्यांदा दाखल होऊन तिला आठ महिने झाले होते. औषध लागू पडलं होतं, झोप लागत होती, आवारातल्या शिवणखोलीत ती चादरींना टीप मारायची. डावा हात कोपरातून सरळ होत नव्हता. कापड यंत्राखाली सरकवायला ती खांदा पुढे काढायची. तिला अकरा वर्षांची मुलगी होती. ती शिवणवालीच्या मोठ्या बहिणीकडे राहत होती. बहीण शिवणवालीलाही न्यायला तयार होती, पण बहिणीच्या नवऱ्याने अट घातली होती, आणि रुग्णालयाच्या मंडळाचीही तीच होती : सलग नव्वद दिवस एकही लाल नोंद नको. मारहाणीची नोंद लाल शाईने होते. एक नोंद झाली की मोजणी पुन्हा एकपासून. मेव्हणा म्हणाला होता, "यंदा नाही जमलं तर पुन्हा विचारू नका. मुलीला मी सांभाळीन, तिला नाही."

शिवणवालीने पकडला ओळखलं नाही. कसं ओळखणार? डोक्यावर चादर होती, आणि त्या दिवसांतले बाकीचे चेहरे औषधांनी पुसून टाकले होते.

पकडने मात्र कोपर बघून ओळखलं. फॉर्मवर एक ओळ होती, 'रुग्णाशी पूर्वओळख?' तिने लिहिलं, 'नाही.' मनाला सांगितलं, जे मी मोडलं ते मीच सांधते. ते खरं होतं. तास हवे होते, दुसरी पेशंट मिळायला महिना लागला असता, तेही खरं होतं. पहिलं कारण तिने मनात दहा वेळा घोळवलं. दुसऱ्याकडे पाहिलं नाही.

शिवणवाली बोलायला लागली की थांबत नसे. तिसऱ्याच भेटीत म्हणाली, "बाई, तुम्ही खुर्चीत अशा बसता, जशी काही खुर्चीच पळून जाईल."

"सवय आहे."

"कसली? खुर्च्या धरायची?"

पकडला हसू आलं. शिवणवालीही हसली. दात स्वच्छ, एक तुटका. पकडला त्या दाताबद्दल काही माहीत नव्हतं. ती मनातल्या मनात शोधत राहिली, हा आपल्याकडून की आधीचा.

अकराव्या भेटीच्या दिवशी शिवणवालीचा एक्याऐंशीवा दिवस होता. नऊ उरले होते. मुलीसाठी तिने खणांचे तुकडे जोडून दप्तर शिवलं होतं, ते दाखवायला आणलं होतं.

"एक सांगू का? हा हात इथेच गेला," ती म्हणाली. "कागदावर पडले म्हणून लिहिलंय. मी पडले नाही. तिघी होत्या. माझ्या डोक्यावर कापड. पाय धरणारी तर कापत होती, मला कळत होतं. हात धरणारी शांत होती. अगदी शांत, बाई. कापडाला टीप मारावी तशी."

पकडच्या पोटाखाली गार झालं. मॅडमना लागेल म्हणून तिने ते ध्यानात ठेवलं.

"मी तिचा खूप विचार करते," शिवणवाली म्हणाली. "पाय धरणारीचा नाही. हिचाच. तिला आवाज आला असेल ना? मला आला, म्हणजे तिलाही आलाच असणार. मग तिने सोडलं का नाही?"

"काय वाटतं तुम्हाला?" पकडने विचारलं. हा पुस्तकातला प्रश्न होता. तो तिच्या तोंडून कोरडा पडला.

"मला वाटतं, तिचं काम संपलं नव्हतं." शिवणवाली उठली. "थांबा, दाखवते कसं धरलं होतं. तुम्हाला असं सांगून नाही कळायचं."

ती टेबलाला वळसा घालून पकडच्या खुर्चीमागे गेली.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. 'बसूनच सांगा,' एवढंच. पकडच्या मनात ते शब्द आलेही, पण ओठांपर्यंत यायला त्यांना वेळ लागला. तोवर मागून एक हात तिच्या खांद्यावरून गळ्याशी आला. हलकेच, दाखवण्यापुरता.

तिची हनुवटी खाली गेली. उजव्या हाताने मनगट घेतलं. खुर्ची मागे उडाली, शिवणवाली तिच्या कमरेवरून पुढे आली, टेबलाच्या कडेवर छाती आपटली आणि फरशीवर तोंडघशी पडली. पकडचा गुडघा तिच्या पाठीत. मनगट, कोपर, खांदा. एक, दोन. तोच डावा हात. तो पूर्वीसारखा वर जाईना. अर्ध्यावर अडला आणि शिवणवाली किंचाळली.

मग किंचाळणं थांबलं. गाल फरशीला टेकलेला, एक डोळा वर वळलेला. तिने विचारलं नाही. ती म्हणाली, "तूच."

पकडने सोडलं. उठली, मागे सरकली आणि भिंतीला टेकली.

शिवणवाली उठली तेव्हा तिच्या ओठातून रक्त येत होतं. तिने स्टीलचा जग उचलला. पकडला तो वार आधीच दिसला. उजवीकडून येणार, मनगट उघडं राहणार, अर्ध्या पावलात थांबवता येईल. तिचे हात निघालेही. तिने ते मागे नेले, बोटं बोटांत अडकवली आणि भिंतीशी दाबून धरली. एकोणीस वर्षांत एवढं बळ तिने कशालाच लावलं नव्हतं.

पहिल्या वाराने भुवई फुटली. दुसऱ्याने वरचे दोन दात हलले. तिसऱ्याला जग हातातून सुटला. मग शिवणवालीने तिचे केस धरले आणि कानाला चावा घेतला, आणि चावता चावता ती रडत होती, "दोन दिवस मला हात दिसला नाही. कापडातच गुंडाळून ठेवलंत मला. दोन दिवस!"

कुणीतरी शिटी मारली. थोरली आली, तिच्यामागे दोघी. मागून आल्या. चादर पडली.

"सोडा तिला!" पकड ओरडली. तोंडात रक्त भरलं होतं. "मी सुरुवात केली! सोडा!" पण रक्ताने माखलेल्या बाईचं अशा वेळी कोण ऐकतं? टॉवेल आला. सातव्या आकड्याला शिवणवालीचे गुडघे गेले. जाताना तिची चप्पल दारात राहिली, आणि खणांच्या तुकड्यांचं दप्तर टेबलाखाली.

भुवईला सात टाके पडले. मलमपट्टीच्या खोलीत थोरली नोंदवही घेऊन आली. लाल शाई अजून वाळायची होती. 'रुग्णाने समुपदेशक विद्यार्थिनीवर विनाकारण हल्ला केला.'

"कर सही."

"विनाकारण नाही, ताई. आधी मी पाडलं तिला."

"बघितलं कुणी?"

"मी."

थोरली बाकावर बसली. तिने पकडच्या कानावरची पट्टी नीट केली, आईने करावी तशी. "अगं, डोक्याला मार लागलाय तुझ्या. ती पेशंट आहे. तिला आणखी तीन महिने राहायला काय होतंय? खाते, पिते, शिवते. तुझी डिग्री गेली तर परत येईल का? पाच वर्षं घासलीस तू. आम्ही सगळ्या सांगतो लोकांना, आमची पकड मॅडम होणार."

"नऊ दिवस राहिले होते तिचे."

"मग?" थोरलीचा आवाज बदलला. "आणि माझ्या निवृत्तीला चार महिने राहिलेत. तू आजचं लिहिशील, मग ते विचारतील का धरलंस, मग सहा वर्षांपूर्वीचं निघेल. त्यावर सही कुणाची आहे?"

"तिघींची."

"पहिली माझी," थोरली म्हणाली आणि वही उघडीच ठेवून गेली.

गवंडी दारातच उभा होता. त्याने बायकोचा चेहरा पाहिला. त्याच्या हातातून तंबाखू पडली.

"कुणी मारलं? पेशंटने?"

"मीच आधी मारलं."

त्याने पाणी तापवलं. मान धरून, केसांतलं वाळलेलं रक्त बोटांनी मोकळं केलं. त्याची बोटं सिमेंटने खरखरीत, पण हात हलका. मग म्हणाला, "आता काय करणार?"

"लिहायचं आहे. शब्दन् शब्द."

"मग सगळं लिही. अर्धं लिहायचं असेल तर टेबल मोडतो. विटा मला दुसरीकडे कामाला येतील."

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. सकाळी दहाला ती फळीपाशी बसली आणि चारला उठली. एक डोळा सुजून मिटला होता. चौदा पानं झाली. पहिल्या खेपेला तिने लिहिलं होतं, 'माझ्याकडून हात धरला गेला.' तिने ते पान फाडलं. दुसऱ्या खेपेला लिहिलं, 'मी हात धरला.' तिसऱ्या रकान्यात तिने जे लिहिलं, ते लिहायला तिला एक तास लागला : 'हात धरल्यावर माझी भीती गेली. बरं वाटलं. छातीत मोकळं झालं. तिचा आवाज येईपर्यंत बरंच वाटत होतं.' मग तिने त्याखाली सहा वर्षांपूर्वीचं लिहिलं. तीनला आवाज ऐकला, चार मोजले, पाच मोजले. आणि शेवटी लिहिलं, 'पूर्वओळख होती. मी नाही असं लिहिलं. खोटं होतं.'

तिने दोन प्रती केल्या. एक मॅडमसाठी, एक रुग्णालयाच्या अधीक्षकांसाठी.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती प्रत द्यायला गेली. अधीक्षकांच्या कचेरीकडे जायची वाट कपड्यांच्या कोठीवरून जाते. दार उघडं होतं. आत थोरली एकटीच चादरी रचत होती.

"आण इकडे. बघू दे काय लिहिलंस ते."

पकड आत गेली. थोरलीने उभ्यानेच चार पानं वाचली. वाचताना ओठ हलत होते.

"हे सगळं तू लिहिलंस? टॉवेलचंसुद्धा?"

"हो."

"मी शिकवलं ते?"

"तुमचं नाव नाही लिहिलं. विचारलं तर सांगेन."

"तुला कामावर घेतलं तेव्हा तुझ्या अंगावर धड कपडा नव्हता," थोरली म्हणाली. "माझा एप्रन दिला मी. तुझ्या बाळंतपणात तुझ्या पाळ्या कुणी केल्या?"

"तुम्ही."

"मग?"

"तिचा पाय घसरला नव्हता, ताई."

थोरलीने पानं तिच्या हातात दिली आणि कपाटाकडे वळली. पकडही दाराकडे वळली. पाठ दिली. एकोणीस वर्षं जी गोष्ट तिने कुणालाही करू दिली नाही, ती केली.

टॉवेल ओला नव्हता. कोरडा अधिक सोलवटतो. तो गळ्यात आला आणि पानं खाली पडली. पकडला सगळं माहीत होतं : कुठे बोटं घालायची, कुठे कोपर मारायचं, थोरलीचा डावा गुडघा किती अधू आहे. हात वर गेले. तिने ते खाली आणले. एक. दोन. डोळ्यांपुढे चादरींच्या घड्या पांढऱ्याच्या पिवळ्या झाल्या. तीन. कानाच्या जखमेत ठोके पडायला लागले. चार. पाच. मागे थोरली हुंदके देत होती आणि पिळत होती. सहा. फरशी जवळ आली. सात.

आठ आला.

तो दोघींनीही मोजला. मग टॉवेल सैल झाला आणि पकड पानांवर पडली.

डोळे उघडले तेव्हा थोरली शेजारी पाय पसरून बसली होती. हातात टॉवेल तसाच. "मी सातला सोडणार होते," ती म्हणत होती. "देवाशपथ, सातला सोडणार होते गं. हात सुटेचना."

पकडला उत्तर द्यायचं होतं. घशातून नुसता वारा आला. तिने पानं गोळा केली, क्रमाने लावली, गुडघ्यावर ठोकून कडा सारख्या केल्या आणि कचेरीकडे गेली. पायऱ्या सोळा होत्या. त्या तिने चार वेळा थांबून चढल्या.

मॅडमनी दुपारी कागद वाचला. पकड समोर बसली होती, गळ्यावर जांभळा पट्टा. वाचून झाल्यावर मॅडमनी पूर्वओळखीचा फॉर्म काढून शेजारी ठेवला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

पकडने मान हलवली.

"तुमच्या जागी दुसरं कुणी बसलं असतं तर तिला हे भोगावं लागलं नसतं. तुम्हाला काय वाटतं, तुम्ही तिला बरं करायला बसला होतात? तुम्ही स्वतःला बरं करायला बसला होतात, आणि तिला वापरलंत."

पकडने पुन्हा मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं ते सुजलेल्या बाजूने वाट काढत राहिलं.

"तुमचे आजवरचे सगळे तास बाद. यंदा परीक्षा नाही. पुढच्या वर्षी घेईन की नाही, आज सांगत नाही." मॅडमनी चष्मा काढला. "एवढा खरा कागद माझ्याकडे कधी आला नाही. तरी सही करणार नाही."

चौकशी बसली. तिसरी सही करणारी केव्हाच नोकरी सोडून गेली होती. थोरली शेवटपर्यंत 'पाय घसरला' यावरच राहिली आणि चार महिन्यांनी मागच्या दाराने, निरोपाच्या चहाशिवाय घरी गेली. दांडीवरचे टॉवेल मोजून कुलपात गेले. पकडला वॉर्डातून काढून धुलाईघरात टाकलं. ओल्या चादरी पिळायच्या, गाडीवर लादायच्या, आवारात वाळत घालायच्या. दिवसाला चारशे. तिने तक्रार केली नाही. हातांना काम होतं आणि पाठीमागे कुणी नव्हतं.

लाल नोंदीवर आडवी रेघ आली, खाली अधीक्षकांची सही. पण तोवर शिवणवालीचे सहा दिवस बंद खोलीत गेले होते, औषध दुप्पट झालं होतं आणि जीभ जड. मंडळाने आणखी तीन आठवडे थांबवलं. बहिणीने नवऱ्याला तो रेघ मारलेला कागद दाखवला. तो कुरकुरत हो म्हणाला.

शिवणवाली सुटली त्या सकाळी पकड आवारात चादरी टाकत होती. दोन ओळींच्या फटीतून तिला त्या दिसल्या : पुढे बहीण ट्रंक घेऊन, मागे शिवणवाली आणि मुलगी. मुलीच्या पाठीला खणांचं दप्तर. फाटकाकडे चालल्या होत्या. पकडकडे त्यांची पाठ होती. वीस पावलं टाकली असती तर ती पोचली असती.

ती वळली आणि उलट्या बाजूने पळाली. धुलाईघराला वळसा, बॉयलरच्या मागून, स्वयंपाकघराच्या पायऱ्या खाली, कोळशाच्या ढिगावरून. ओल्या रबरी बुटांत पाय सटकत होते. फाटकाबाहेर पोचली तेव्हा छाती फुटायची बाकी होती. ती रस्त्यावर समोर उभी राहिली, दहा पावलांवर, दोन्ही तळवे उघडे.

शिवणवालीने तिला लांबूनच पाहिलं. मुलीला बहिणीजवळ उभं केलं. चालत आली.

"काय पाहिजे?"

"काही नाही," पकड म्हणाली. आवाज अजून फाटका होता. "माफी मागायला..."

"मागू नकोस."

शिवणवालीने तिचा डावा हात घेतला. मनगट. पकडला वळवलं आणि हात पाठीवर चढवला. कोपर. शिवणवालीची पकड कच्ची होती, अंगठा चुकीच्या जागी, पण ती जोर लावत गेली. खांदा जळायला लागला. कोपराचा सांधा भरत आला. आणखी बोटभर वर गेला असता तर आवाज झाला असता. पकडने दात आवळले. हलले होते ते दोन दात ठणकले. बाजूने जाणारा एक सायकलवाला थांबला.

"आई, चल ना," मुलगी ओरडली.

हात तिथेच राहिला. शिवणवालीचा श्वास तिच्या मानेवर लागत होता.

"इथे," ती म्हणाली. "इथे थांबता येतं."

तिने सोडलं. ट्रंकेची दुसरी कडी धरली आणि तिघी निघून गेल्या.

पकड आत आली. गाडीवर एकशे दहा चादरी बाकी होत्या. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून तिने उजव्याने टाकल्या. काम उरकायला दुप्पट वेळ लागला.

शनिवारी ती वर्गात गेली. पोरांपैकी एकाने सरकून जागा दिली, "बसा मावशी." हजेरीच्या वहीत तिचं नाव नव्हतं. मॅडम आल्या, त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि शिकवायला लागल्या. पकडने वही उघडली, हात टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे ठेवले, आणि पहिल्या धड्यापासून लिहून घ्यायला सुरुवात केली.